होगनचा सल्ला नेमका कुणासाठी? जुनी स्विंग-शिकवण आज वापरायची कशी

आजचा गोल्फ-प्रो (व्यावसायिक प्रशिक्षक) रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, जे सांगतो त्यातलं बरंचसं फार पूर्वीच सांगून झालेलं आहे. काखेत नॅपकिन धरून मारायचे शॉट, पाय जुळवून मारायचे शॉट, दोरीच्या टोकाला वजन बांधून फिरवणं, हे सगळं लाँच मॉनिटर (चेंडूचं उड्डाण मोजणारं यंत्र) येण्याच्या कितीतरी आधीचं. मात्र जुनी सूचना उचलताना दोन गोष्टी तपासाव्या लागतात: ती कुठल्या शाफ्टसाठी, म्हणजे क्लबच्या दांड्यासाठी, होती आणि कुणाच्या खोडीवर काढलेली होती. हे न बघता घेतलेली सूचना चांगला चाललेला स्विंगही बिघडवते. खालच्या सगळ्या दिशा उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहेत, डावखुऱ्यांनी उलटून घ्याव्यात.

आधी स्वतःचा चेंडू बघा

७-आयर्न (मधल्या अंतराचा क्लब) घ्या, लांबचा एकच झेंडा नक्की करा आणि १३ चेंडू मारा. पहिले तीन अंग मोकळं करायला, मोजायचे नाहीत. उरलेल्या दहांसाठी कागदावर तीनच नोंदी करा: चेंडू झेंड्याच्या डावीकडे सुटला की उजवीकडे, हवेत कुठे वळला, आणि फेसवर, म्हणजे क्लबच्या चेंडूला भिडणाऱ्या सपाट भागावर, कुठे लागला. शेवटच्या नोंदीसाठी दर शॉटआधी फेसवर टाल्कम पावडरचं बोट फिरवा, चेंडूचा ठसा स्वच्छ उमटतो. चेंडूच्या उड्डाणावरून निदान करण्याची ही पद्धत जॉन जेकब्स या इंग्लिश प्रशिक्षकाने रूढ केली आणि आजही तिला तोड नाही. आधी स्विंगचा व्हिडिओ काढून त्यात दोष शोधत बसणं म्हणजे ताप न मोजताच गोळी देणं.

जुन्या शिकवणीतली एक गोष्ट मात्र सरळ चूक निघाली, ती इथेच बाजूला काढू. कितीतरी पुस्तकांत लिहिलेलं असायचं की चेंडू स्विंगच्या पाथवर सुटतो आणि मग फेस जिकडे बघत असेल तिकडे वळतो. पाथ म्हणजे आघाताच्या क्षणी क्लबहेड ज्या दिशेने चाललेलं असतं ती दिशा. २००० नंतर रडार आले आणि मोजल्यावर दिसलं ते असं: चेंडू सुटतो तो मुख्यतः फेसच्या दिशेने. आयर्नला फेसचा वाटा साधारण तीन चतुर्थांश, ड्रायव्हरला (सगळ्यांत लांब मारायच्या क्लबला) त्याहून जास्त. आणि वळण ठरतं ते फेस आणि पाथ यांच्यातल्या फरकावरून.

याचा फटका कुठे बसतो ते झाडाशी दिसतं. समोर झाड आहे, त्याच्या उजवीकडून चेंडू काढून डावीकडे वळवायचा आहे. जुना सल्ला: फेस झेंड्यावर ठेवा, अंग झाडाच्या उजवीकडे वळवा, अंगाच्या रेषेत स्विंग करा. तसं केलं की चेंडू जवळजवळ फेसच्या दिशेने, म्हणजे थेट झाडाकडेच सुटतो. खोडावर आपटला नाही, तर झाड चुकवून झेंड्याच्या बराच डावीकडे जातो. खेळाडू म्हणतो, स्विंग चुकला. खरं तर स्विंग सांगितल्याबरहुकूम झालेला असतो, सांगणंच चुकीचं. बरोबर रीत अशी: फेस झाडाच्या उजवीकडे, जिथून चेंडू सुटायला हवा तिथे, समजा झेंड्याच्या ३ अंश उजवीकडे. पाथ त्याच्याही उजवीकडे, समजा ६ अंश. म्हणजे अंगाची रेषा वाटते त्यापेक्षा बरीच जास्त उजवीकडे वळवावी लागते. सुरुवातीला हे फार अतिरेकी वाटतं, पण तसंच करायचं.

होगन: हुकवाल्याचं औषध

अमेरिकी गोल्फर बेन होगनचं १९५७ सालचं पुस्तक आजही प्रशिक्षकांच्या बोलण्यात डोकावतं. चेंडूपासून खांद्यांवर टेकलेली तिरकी काच (क्लब वर नेताना हात जिच्या खाली राहायला हवेत), डाऊनस्विंगची, म्हणजे क्लब खाली आणण्याची, सुरुवात कंबरेतून, दोन्ही दंड छातीला चिकटलेले ही चित्रं तिथलीच. पण होगन हा उमेदीची कितीतरी वर्षं डावीकडे पळणाऱ्या हुकशी झगडलेला माणूस. त्याने डाव्या हाताची ग्रिप (पकड) कमकुवत केली, म्हणजे हात शाफ्टवर डावीकडे फिरवून धरला, बॅकस्विंगच्या वरच्या टोकाला डावं मनगट मागे मोडलेलं ठेवलं, फेस मिटू नये (डावीकडे वळू नये) म्हणून जे जे करता येईल ते केलं. हौशी खेळाडूंतल्या बहुतेकांचा रोग नेमका उलटा: फेस उघडा, म्हणजे उजवीकडे बघणारा, आणि चेंडू उजवीकडे. त्यांनी होगनची ग्रिप घेणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

म्हणून तुमच्या दहा नोंदी काय म्हणतात ते बघून निवडा.

चेंडू डावीकडे वळत असेल तर होगनची ग्रिप करून बघा. डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांच्यातला ‘व्ही’ उजव्या डोळ्याकडे, उजव्या हाताचा ‘व्ही’ हनुवटीकडे. एका दिवसात पूर्ण बदल करू नका. हात शाफ्टवर अर्धा सेंटिमीटर डावीकडे फिरवा आणि दोन रेंज-सत्रं तसंच खेळा.

चेंडू उजवीकडे वळत असेल तर ही ग्रिपही नको आणि ‘कंबर आधी’ हा मंत्रही तूर्त नको. स्लाइस (उजवीकडे वळणारा शॉट) मारणाऱ्याचे खांदे बहुधा आधीच उघडून बसलेले असतात. त्यात कंबर आणखी जोरात फिरवली की क्लब बाहेरून आत येतो, फेस उघडाच राहतो आणि चेंडू आणखी वळतो. त्याऐवजी डाव्या हाताची ग्रिप घट्ट नव्हे, बळकट करा, म्हणजे हात शाफ्टवर उजवीकडे फिरवा: वरून बघताना मुठीची तीन हाडं दिसली पाहिजेत. आणि खाली येताना पाठ क्षणभर जास्त झेंड्याकडे राहू द्या.

काचेचं चित्र मात्र दोघांनाही उपयोगी, फक्त ते तपासायची पद्धत नीट हवी. मोबाइल मागे तीन-चार मीटरवर, हातांच्या उंचीवर, आणि पायांच्या रेषेला समांतर पण हातांतून जाणाऱ्या रेषेवर ठेवा. फूटभर आतबाहेर झाला तरी बरोबर स्विंग चुकीचा दिसतो आणि माणूस नसलेला दोष दुरुस्त करत बसतो. पडद्यावर चेंडूपासून खांद्याच्या वरच्या कडेपर्यंत रेषा काढा. डावा हात वर जाताना त्या रेषेच्या वर घुसत असेल तर उचल फार उभी आहे.

होगनचा उजवा पाय लक्ष्यरेषेशी काटकोनात असायचा. त्याने बॅकस्विंगमध्ये कंबर कमी फिरते. लवचिक माणसाला त्यातून ताण मिळतो, दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याला नुसती पाठदुखी. चाळिशीनंतर उजवा पाय २० अंशांपर्यंत बाहेर वळवायला काहीच हरकत नाही.

ग्रिप: व्हार्डनचं अजून चालतं

हॅरी व्हार्डनने ब्रिटिश ओपन सहा वेळा जिंकली, १८९६ ते १९१४ या काळात. त्याच्या नावाने ओळखली जाणारी ग्रिप त्याच्या आधी जॉनी लेडले वापरत होता, पण पसरवली व्हार्डनने. ते हिकरीच्या लाकडी शाफ्टचे दिवस होते. लाकूड पिळतं, जोरात झटका दिला तर हेड मागे राहतं आणि फेस उघडतो. म्हणून लांब, सैल, लयीतला स्विंग आणि मनगटं आणि कोपरापुढचे हात फिरवून फेस मिटवणं. अमेरिकेत १९२४ साली आणि सेंट अँड्र्यूजच्या नियमांत १९२९ साली स्टीलला मान्यता मिळाली. पोरवयात हिकरीवर शिकलेल्या अमेरिकी गोल्फर बायरन नेल्सनने स्टीलसाठी पायांचा वापर वाढवला आणि फेस चेंडूपाशी जास्त वेळ सरळ ठेवला. आज ‘मॉडर्न स्विंग’ म्हणतात त्याची सुरुवात बरेच जण तिथे मानतात. हात फिरवायचा सल्ला हिकरीबरोबर गेला असता तरी चाललं असतं. ग्रिप मात्र राहिली, आणि ती अशी धरायची:

१. डाव्या हाताच्या तर्जनीच्या मधल्या पेरापासून तिरका, तळहाताच्या करंगळीकडच्या गादीखाली क्लबचा पकडायचा भाग ठेवा. तळहाताच्या मधोमध नाही. मागे एक सेंटिमीटर टोक उरू द्या.

२. मूठ मिटा. अंगठा मधल्या रेषेच्या किंचित उजवीकडे, आणि लांब ताणलेला नाही, थोडा आखडून. दोन ते अडीच हाडं दिसावीत.

३. उजवा हात बोटांत धरा. त्याची आयुष्यरेषा डाव्या अंगठ्यावर बसते. करंगळी डाव्या तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मधल्या खाचेत. हात लहान असतील तर अमेरिकी गोल्फर जॅक निकलसची करंगळी-तर्जनी अडकवायची ग्रिप घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

बरोबर आहे का ते ग्लोव्ह सांगतो. गादीच्या जागी भोक पडत असेल तर शाफ्ट तळहातात धरलाय आणि बॅकस्विंगच्या वरच्या टोकाला हातात सरकतोय. अंगठ्याच्या पेरावर झिजत असेल तर अंगठा फार दाबला जातोय. महिनाभर वापरलेला ग्लोव्ह फेकण्याआधी उजेडात धरून बघावा.

रुमाल आणि किल्ल्यांचा जुडगा

जुन्या शिकवणीतलं सगळ्यांत जास्त टिकलेलं काय, असं कुणी विचारलं तर आमचं उत्तर इंग्लिश प्रशिक्षक एर्नेस्ट जोन्सची शिकवण. पहिल्या महायुद्धात त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला, तरी तो चांगलं गोल्फ खेळत राहिला. त्यातून त्याने निष्कर्ष काढला की क्लबहेड झुलवता आलं पाहिजे, अवयवांची यादी पाठ करून उपयोग नाही. रुमालाच्या टोकाला खिशातला चाकू बांधून तो शिकवायचा. रुमालाने वजन ढकलता येत नाही, फक्त झुलवता येतं. १९६८ साली कॉक्रन आणि स्टॉब्स या ब्रिटिश लेखकांनी स्विंगचं जे दोन लंबकांचं प्रतिरूप मांडलं, त्याच्याशी हे चांगलं जुळतं. आजचे दोरीचे आणि लवचिक शाफ्टचे ट्रेनरही त्याच कामाचे.

घरी करायचं तर मोठा रुमाल किंवा पंचा घ्या, टोकाला किल्ल्यांचा जुडगा घट्ट बांधा. दोन गाठी मारा, नाहीतर समोरच्या काचेचं काही खरं नाही. दोन्ही हातांत गोल्फच्या ग्रिपने धरून कमरेपर्यंतच मागे-पुढे झुलवा. पंचा सतत ताणलेला राहिला पाहिजे. परत खाली येताना तो लोंबला, म्हणजे तुम्ही वरून घाई केली. हीच घाई क्लबने लपून राहते, कारण स्टील लोंबत नाही. दहा झोके पंच्याने, लगेच तीन चेंडू ९-आयर्नने, असे पाच फेरे. १५ चेंडूंतच लय हाताला लागते.

याची मर्यादाही सांगायला हवी: झुलवण्याने लय आणि चेंडू लागण्याची जागा सुधारते, लांबी फारशी नाही. त्यासाठी पाय आणि कंबर लागतातच.

काखेतला नॅपकिन अमेरिकी प्रशिक्षक जिमी बॅलर्डच्या ‘कनेक्शन’मधून, म्हणजे हात अंगाशी जोडलेले ठेवण्याच्या शिकवणीतून, आजच्या रेंजवर पोचला. डाव्या काखेत नॅपकिन धरा, वेजने (जवळच्या शॉटच्या क्लबने) ३० ते ५० यार्डांचे २० शॉट मारा. चेंडू जाईपर्यंत तो पडायला नको. ड्रायव्हरच्या पूर्ण स्विंगला हाच हट्ट धरलात तर हात अंगाला जखडतात, स्विंगचा घेर लहान होतो आणि लांबी जाते. हा अर्ध्या शॉटचा व्यायाम आहे.

टाच आणि डोकं

बॉबी जोन्स, सॅम स्नीड, निकलस या तिन्ही अमेरिकी दिग्गजांची डावी टाच बॅकस्विंगला उचलली जायची. पुढे फॅशन बदलली: टाच जमिनीला, कंबर अडवून धरा, खांदे मात्र पूर्ण फिरवा. पाठीला हे महाग पडतं. आता अनेक प्रशिक्षक टाच पुन्हा उचलू देतात. ती मुद्दाम उचलायची नाही, डावा गुडघा उजवीकडे ओढला गेला की आपोआप दोन-तीन सेंटिमीटर सुटू द्यायची. खाली येताना पहिली हालचाल म्हणजे तीच टाच होती तिथे दाबणं. टाच दुसरीकडेच टेकली तर चेंडूपासूनचं अंतर बदलतं, पावडरचा ठसा लगेच हीलकडे (फेसच्या शाफ्टकडच्या बाजूला) किंवा टोकाकडे सरकतो.

‘डोकं हलवू नका’ हा सल्ला प्रशिक्षक जॅक ग्राउटने पोरवयातल्या निकलसला केस धरवून शिकवला. निकलसला तो लाभला. पण साध्या खेळाडूने डोकं खिळ्यासारखं ठोकलं की वजन उलट डाव्या पायावर जातं आणि खाली येताना मागे पडतं. ऊन पाठीवर घ्या, डोक्याच्या सावलीत टी (चेंडू ठेवायची खुंटी) ठेवा. ड्रायव्हरला सावली चार-पाच सेंटिमीटर उजवीकडे गेली तरी चालेल, डावीकडे जाता कामा नये. चेंडू गेल्यावर डोकं वर येऊ द्या. स्वीडनची गोल्फर ॲनिका सोरेनस्टॅम तर आघाताच्या क्षणीच पुढे बघायला लागायची.

ड्रायव्हरबद्दल जुनं फारसं घेण्यासारखं नाही. पर्सिमन लाकडाचं हेड लहान होतं, चेंडू बलाटाच्या मऊ आवरणाचा आणि भरपूर फिरणारा, त्यामुळे टी खाली असायची. आजच्या ४६० सीसी हेडला अर्धा चेंडू हेडच्या वर दिसेल इतकी टी उंच लावा आणि चेंडू डाव्या टाचेच्या रेषेत ठेवा.

एका वेळी एकच गोष्ट घ्या आणि तीन आठवडे तीच धरा. मग पुन्हा १३ चेंडूंची चाचणी करा. स्लाइसवाल्याचा चेंडू आता झेंड्यावरच सुटतोय पण अजून उजवीकडे वळतोय, असं दिसलं तर फेस जागेवर आलाय. ग्रिपला आता हात लावू नका. पावडरचा ठसा मधोमध आहे का बघा, आणि असेल तर पाथकडे वळा.