लग्नाच्या हारातली फुलं प्रेस करून फ्रेम करायची असतील तर आधी कागद बदलायला शिका

पुस्तकात फूल ठेवा, वरून वजन ठेवा आणि महिनाभर विसरून जा, हा सल्ला सगळीकडे फिरत असतो आणि लग्नाच्या हारांची कितीतरी फुलं याच सल्ल्यापायी वाया जातात. पिंपळाचं पान तसं ठेवलं तर चालतं, ते मुळात पातळ असतं. पण आपल्याकडच्या हारात काय असतं, गुलाब, निशिगंध, शेवंती, झेंडू आणि हल्ली ऑर्किड, म्हणजे एकजात पाण्याने भरलेली फुलं. बंद पुस्तकात त्या पाण्याला बाहेर पडायला वाटच नसते, मग फूल आतल्या आत तपकिरी पडतं आणि तुम्ही मुंबईत किंवा कोकणात असाल तर त्याला बुरशीही धरते. फुलातलं पाणी जितक्या लवकर बाहेर जाईल तितका रंग टिकतो, वजन फक्त फूल सपाट राहावं म्हणून असतं.

हार त्याच रात्री ताब्यात घ्यायचा. नवरानवरीला त्या दिवशी कशाचंच भान नसतं, म्हणून बहीण, मावशी, कुणाला तरी आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो हॉलवर राहतो किंवा गाडीच्या बॉनेटवर उन्हात वाळतो. प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून गाठ मारू नका, आत पाणी सुटतं. हारवाल्याने मारलेलं पाणी पंख्याखाली वाळू द्या, मग डब्यात सुती कापड घालून त्यात हार ठेवा आणि डबा फ्रिजमध्ये, फ्रीझरमध्ये नाही. दुसऱ्या दिवशी प्रेसला लावायचाच, चार दिवसांनी सवडीने करू म्हणालात तर करूच नका.

अख्खा हार प्रेस होत नाही. दोरा कापा, मधली चांगली फुलं निवडा. गुलाब अख्खा दाबायचा नाही, पाकळ्या सुट्या करून सुकवायच्या आणि फ्रेममध्ये परत गुलाब मांडायचा, किंवा धारदार ब्लेडने देठासकट उभा अर्धा कापायचा. निशिगंधही उभा अर्धा. झेंडू आणि शेवंतीचा मागचा हिरवा भाग कापून टाका, सगळं पाणी तिथे धरलेलं असतं. लाल गुलाब सुकला की काळपट मरून रंगाचा होतो, गुलाबी बरा राहतो, झेंडूचा पिवळा-केशरी रंग सगळ्यात भरवशाचा. मोगरा पांढरा राहत नाही, कुणी काहीही सांगू दे. पाकळी दुखावली की आतली द्रव्यं हवेशी मिळून ती तपकिरी पडते, कापलेल्या सफरचंदासारखंच, त्यामुळे मोगरा हवाच असेल तर तो बदामी-तपकिरी दिसेल असं धरूनच मांडणी ठरवा.

प्रेससाठी प्लायचे दोन तुकडे आणि आवळायला दोन जुने पट्टे पुरतात. आत थर असे: खोक्याचा नाळीदार पुठ्ठा, टीपकागद (नसेल तर वर्तमानपत्राचे पाच-सहा पदर), मग साध्या कोऱ्या कागदाची घडी आणि त्या घडीत फुलं, परत टीपकागद, परत पुठ्ठा. बटर पेपर नको, तो पाणी शोषत नाही. नक्षीवाला टिश्यू नको, त्याची नक्षी पाकळीवर उठते. वर्तमानपत्र थेट फुलाला लावू नका, शाई लागते.

आता कागद बदलणं. मला सगळ्यात जास्त याच टप्प्याने छळलंय आणि कुठल्याही व्हिडिओत हे नीट सांगत नाहीत, सगळे 'मधूनमधून कागद बदला' म्हणून पुढे जातात. मधूनमधून म्हणजे कधी? पहिला बदल बारा तासांत, म्हणजे रात्री लावलं तर सकाळी. त्यानंतर चार-पाच दिवस रोज, मग एक दिवसाआड, फूल कडक होईपर्यंत. पहिल्या दिवशी कागद हाताला ओला लागतो, त्या ओल्या कागदात फूल अजून एक दिवस राहिलं तर रंग गेलाच समजा, नंतर कितीही कागद बदललात तरी तो परत येत नाही. घरी कुणी नसणार असेल, हनिमूनला निघाला असाल, तर प्रेस आईकडे द्या, सासूबाईंकडे द्या, पण रोज कागद बदलणारं माणूस पाहिजे म्हणजे पाहिजे.

बदलताना फूल उचलायचं नाही. म्हणून तर ती कोऱ्या कागदाची घडी घातलीय, फूल घडीतच राहतं आणि घडीसकट ते कोरड्या टीपकागदांमध्ये सरकवायचं. ओलं फूल कागदावरून ओढून काढलं की पाकळी फाटते. फक्त पहिल्या बदलाला घडी उघडून बघा, कारण त्या वेळी फूल मऊ लुळं पडलेलं असतं आणि दुमडलेली पाकळी ब्रशच्या टोकाने अलगद सरळ करता येते. ही संधी एकदाच मिळते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाकळी जशी असेल तशी कडक होत जाते आणि मग हात लावला तर तुटते. घडीच ओलसर लागली तर तीही बदला, पण वरचा कागद काढून, कोरडा कागद ठेवून, सगळं उलटं करून आणि मग दुसऱ्या बाजूचा कागदही तसाच.

दुसरी गोष्ट जाडीची. शेवंतीचा मधला भाग जाड आणि पाकळ्या पातळ, त्यामुळे वजन सगळं मध्यावर पडतं आणि बाजूच्या पाकळ्यांना कागद टेकतच नाही, त्या सुरकुततात. यावर उपाय म्हणजे टीपकागदाच्या चकत्या कापायच्या, मध्ये भोक पाडायचं आणि त्या फुलाभोवती एकावर एक अशा ठेवायच्या की मध्य आणि कडा एका पातळीत येतील. कंटाळवाणं काम आहे, पण अख्खी शेवंती हवी असेल तर याला पर्याय नाही. आणि एका थरात एकाच जाडीची फुलं, जिप्सोफिलाच्या (गुच्छात घालतात ती बारीक पांढरी फुलं) शेजारी ऑर्किड लावलं तर जिप्सोफिलावर दाबच येणार नाही.

पहिल्या दिवशी पट्टा करकचून आवळू नका, पाकळीतून रस बाहेर येऊन डाग पडतो. बेताने आवळा आणि रोज थोडं वाढवत जा. प्रेस कपाटात किंवा गादीखाली ठेवायचा नाही, पंख्याखाली उघड्यावर, पुठ्ठ्याच्या नाळ्यांतून हवा गेली पाहिजे. काढलेले टीपकागद उन्हात वाळवून परत वापरा. विदर्भात मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की फुलं भराभर कडक होतात, पुण्यात तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांना पण सोपं जातं. मुंबईत मात्र मेमध्येही हवा दमट, तिथे एसीची खोली उपयोगाची आणि एखादा दिवसही गाळायचा नाही.

झालं की नाही हे कॅलेंडर बघून ठरत नाही. फूल गालाला किंवा वरच्या ओठाला लावा, गार लागलं तर आत पाणी आहे. नीट सुकलेलं फूल गार लागत नाही आणि देठ धरून उचललं तर मान टाकत नाही. पातळ पाकळ्या आठवड्या-दीड आठवड्यात होतात, अर्धा गुलाब आणि ऑर्किडला तीन आठवडेही लागतात. घाई म्हणून इस्त्री किंवा मायक्रोवेव्ह करणारे असतात, पानांना ठीक आहे, पण तुमच्या हारातलं फूल परत मिळणार नाही, ते तिथे घालू नका.

सुकलेली फुलं झिपच्या पिशवीत हवाबंद करून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवली की किडे आणि त्यांची अंडी असली तर बहुतेक मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, पूर्ण साध्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर थंड फुलावर पाणी धरतं आणि केलेलं सगळं फुकट. अक्षता फ्रेममध्ये घालायचा मोह होतो पण तांदळाला टोके होतात, मी घालत नाही. मुंडावळ्यांचे मोती घाला, छान दिसतात.

मांडणी तुमची तुम्ही करा. चिकटवायला फेविकॉल टूथपिकने टिपक्याएवढा, फक्त मागच्या बाजूला आणि जाड भागाला. फेविक्विक नको, त्याचा पांढुरका धूर फुलावर बसतो. सेलोटेप नको, पिवळी पडते. लॅमिनेशन तर अजिबात नको.

फ्रेमवाल्याला माउंट बोर्ड आम्लरहित आहे का ते विचारा, फुलाच्या थेट मागे हार्डबोर्ड लावू देऊ नका, कागद-फूल दोन्ही पिवळं पडतं. नुसत्या पाकळ्या असतील तर मागे पातळ स्पंज देऊन काच टेकू द्या, म्हणजे त्या वळत नाहीत. अर्धा गुलाब असेल तर काच फुलाला टेकू नये म्हणून मध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट (माउंट) किंवा खोल बॉक्स फ्रेम. मागची बाजू टेपने पूर्ण बंद करून घ्या, कसर तिथूनच शिरते. आणि हे काम कोरड्या दिवशी करा, जुलै-ऑगस्टमध्ये फ्रेम केली की ती दमट हवा काचेच्या आत कायमची कोंडली जाते.

टांगायची कुठे, तर जिथे ऊन येत नाही तिथे. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातल्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये, म्हणजे सुकवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, शंभर वर्षांपूर्वी प्रेस केलेले नमुने आहेत, पण ते बंद कपाटात असतात. भिंतीवरच्या फुलांचा रंग हळूहळू उतरणारच, खिडकीसमोर लावलीत तर लवकर उतरेल, यूव्ही काचेने फरक पडतो पण ऊन ते ऊन. बाथरूमला लागून असलेली भिंत आणि पावसाळ्यात ओल येणारी बाहेरची भिंतही टाळा. दर पावसाळ्यानंतर फ्रेम काढून मागची टेप सुटलीय का बघा, सुटली असेल तर त्याच दिवशी नवीन लावा.