पगार कमी, कामात मन नाही आणि बाहेर भरती बंद, अशा वेळी काय करायचं

सध्या पुण्या-मुंबईकडे कुणालाही विचारा, कंपनीत भरती बंद आहे, आहेत ती माणसं कमी करतायत, आणि एखादी जागा निघालीच तर ती ठेकेदाराच्या पेरोलवर, हातात पंधरा-सतरा हजार. डिग्री घेऊन दिवसभर एक्सेलमध्ये आकडे भरायचे किंवा लाइनवर उभं राहून एकच पार्ट चढवत राहायचा, मन कसं लागणार? पण माझं मत आधीच सांगतो, दुसरं ऑफर लेटर हातात आल्याशिवाय ही नोकरी सोडू नका, आणि तोपर्यंत या नोकरीत जे जे हक्काचं आहे ते सगळं पदरात पाडून घ्या. कमी पगाराच्या माणसाचं नुकसान जास्त इथेच होतं, कारण मिळायचं ते कुणी आपणहून सांगत नाही.

सुरुवात सॅलरी स्लिपपासून. बरेच ठेकेदार स्लिप देतच नाहीत, तर मागायची, आणि तोंडी नाही, मेलवर नाहीतर व्हॉट्सअॅपवर, म्हणजे मागितल्याचा पुरावा राहतो. स्लिप आली की स्वतःच्या मेलवर ठेवून द्या, पुढच्या इंटरव्ह्यूला शेवटच्या तीन महिन्यांच्या स्लिपा हमखास मागतात. स्लिपवर पीएफ कापलेला दिसला म्हणजे तो भरलाच असं समजू नका, सरकारच्या उमंग अॅपवर यूएएन, म्हणजे तुमचा पीएफचा नंबर, टाकून पासबुक उघडा. समजा बेसिक १२,००० आहे, तर तुमचे १२ टक्के म्हणजे १,४४० कापले जातात आणि तेवढेच कंपनीने घालायचे असतात, त्यातले साधारण १,००० पेन्शन खात्याला जातात आणि ४४० पीएफमध्ये. आकडे जुळत नसतील किंवा मधले महिने कोरे असतील तर ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या, पोर्टलवर ऑनलाइन तक्रार करता येते.

आता ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, कारण याची किंमत लोकांना आजारपण आल्यावरच कळते. महिन्याचा पगार २१,००० पर्यंत असेल आणि तुमची कंपनी ईएसआयखाली येत असेल तर तुमच्या पगारातून ०.७५ टक्के जातात, १६,००० वर १२० रुपये. त्यात बायको किंवा नवरा, मुलं आणि तुमच्यावर अवलंबून असलेले आईवडील यांचाही उपचार होतो. आजारपणात घरी बसावं लागलं तर आणि वर्गणीचे ठरलेले दिवस भरलेले असतील तर पगाराच्या ७० टक्के रक्कम वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळते. चिंचवडला मोहननगर, पुण्यात बिबवेवाडी, मुंबईत कांदिवली, मुलुंड, इथे ईएसआयची हॉस्पिटलं आहेत. रांग असते, कागद लागतात, सगळं खरं, पण पंधरा हजार पगारात प्रायव्हेट हॉस्पिटलचं एक बिल घर बुडवतं, तेव्हा ईएसआयच्या नोंदीत घरच्यांची नावं आजच घालून घ्या, अॅडमिट करायच्या दिवशी नाही.

किमान वेतनाचंही तसंच. महाराष्ट्रात ते उद्योगाप्रमाणे आणि परिमंडळाप्रमाणे, म्हणजे कंपनी कुठल्या भागात आहे त्याप्रमाणे, ठरतं, आणि त्यातला विशेष भत्ता दर जानेवारी आणि जुलैला बदलतो. दर डिग्रीवर ठरत नाही, कामावर ठरतो, म्हणून तुमची नोंद कुशल, अर्धकुशल की अकुशल आहे ते बघा, मशीन तुम्ही चालवताय आणि कागदावर हेल्पर असाल तर फरकाचे पैसे दर महिन्याला बुडतायत. ओव्हरटाइम दुप्पट दराने असतो. एकट्याने भांडायला जाऊ नका, चार-पाच जण मिळून आधी लेखी द्या, नाही ऐकलं तर कामगार आयुक्तांच्या ऑफिसला जा. बायकांनी एक बघा, २५,००० पर्यंत पगार असेल तर एप्रिल २०२३ पासून महाराष्ट्रात व्यवसाय कर कापायचा नसतो.

पैशाचं बोलायचं तर लोन अॅपपासून लांब राहा, हे मी अगदी हात जोडून सांगतो. पाच हजार पटकन मिळतात आणि मग एक फेडायला दुसरं अॅप असं सुरू होतं. क्रेडिट कार्डवर नुसता मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली कमीत कमी रक्कम, भरत राहिलात तर व्याज वर्षाला चाळीस टक्क्यांच्या आसपास जातं. अडलंच तर बँकेत सोनं ठेवून काढलेलं कर्ज यापेक्षा कितीतरी बरं. आणि वसुलीवाले रात्री-अपरात्री फोन करत असतील तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ च्या नंतर त्यांना फोन करता येत नाही, कॉल रेकॉर्ड ठेवा आणि तक्रार करा. बचत पाचशेच्या आरडीने सुरू झाली तरी चालेल. बँकेतून २० रुपयांचा अपघात विमा आणि ४३६ चा जीवन विमा, दोन्ही वर्षाला, प्रत्येकी दोन लाखांचे, तेवढे घेऊनच टाका.

घरी खरा पगार सांगा. गावाकडे वाटतं पोरगा पुण्यात कंपनीत आहे म्हणजे चाळीस-पन्नास कमवत असेल, मग बहिणीचं लग्न, घराचा स्लॅब, चुलत्याची उसनवारी, सगळं त्याच अंदाजावर ठरतं आणि पोरगा लाजेपोटी कर्ज काढून पाठवत राहतो. एकदा आईवडिलांना समोर बसवून, भाडं किती, मेस किती, हातात उरतं किती, सगळं सांगून टाका. त्यांना वाईट वाटेल, दोन दिवस घर गप्प राहील, पण त्यानंतर जे मागतील ते तुमच्या ऐपतीचं मागतील. नातेवाइकांना पॅकेज सांगायची मात्र काही गरज नाही.

कामातलं मन मरू द्यायचं नसेल तर त्याच कामातली एक गोष्ट अशी धरा जी दुसऱ्या कंपनीतही चालेल. लाइनवर असाल तर व्हर्नियर, मायक्रोमीटर ही मापाची साधनं आणि ड्रॉइंग वाचणं क्वालिटीच्या माणसाकडून शिकून घ्या, स्टोअरला असाल तर सॅप या सॉफ्टवेअरमधली एंट्री, ऑफिसात असाल तर एक्सेलमधलं पिव्होट टेबल आणि हिशेबाचं टॅली. स्वयम या सरकारी वेबसाइटवर फुकट कोर्स आहेत, अर्धवट डिग्री नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून पुरी करता येते. एमपीएससी करायची तर करा, पण नोकरी सोडून सदाशिव पेठेत खोली घेण्याआधी किती अटेम्प्ट देणार आणि कुठल्या तारखेला थांबणार हे घरच्यांसमोर ठरवा. आणि नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणारा माणूस फसवाच समजायचा, ओळखीचा असला तरी.

दुसरी नोकरी मिळालीच तर राजीनामा मेलवर द्या, नोटीस पिरियड पुरा करा, रिलीव्हिंग आणि एक्सपिरियन्स लेटर घेतल्याशिवाय निघू नका. पीएफ काढून नवा मोबाइल घेऊ नका, नव्या खात्यात ट्रान्सफर करा, कारण पाच वर्षांच्या आत काढलेल्या पैशावर टॅक्स लागू शकतो आणि पेन्शनला दहा वर्षांची नोकरी मोजली जाते. जुन्या ठेकेदाराने सोडल्याची तारीख भरली नसेल तर शेवटचा पीएफ जमा झाल्यावर दोन महिन्यांनी ती यूएएन पोर्टलवर तुमची तुम्हाला टाकता येते.