चंद्राच्या धुळीचे फिल्टर टेस्ट करायचेत? मग हे वाचून घ्या

चंद्रावर जाणाऱ्या यानातली हवा गाळून धूळ अडवणारे फिल्टर आधी इथंच तपासावे लागतात. मी फिल्टर टेस्टिंग लॅबमधे आहे, एम.टेक.चा प्रोजेक्ट चंद्राच्या धुळीवर होता, त्यामुळे वणी-यवतमाळकडचे पोट्टे सारखे विचारतात की भाऊ, यात शिरायचं कसं. म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकावं.

आधी धूळ समजून घ्या. चंद्रावर वारा नाही, पाणी नाही, म्हणून कण घासून गुळगुळीत होत नाहीत, उल्का आदळून झालेला खडकाचा चुरा धारदारच राहतो, वरून त्याला चार्ज, त्यामुळे स्पेससूटला चिकटला की निघता निघत नाही. १९७२ मधे अपोलो १७ च्या हॅरिसन श्मिटनं यानात येऊन हेल्मेट काढलं आणि या धुळीनं शिंका, चोंदलेलं नाक सुरू झालं. आज नासाच्या मानकात १० मायक्रॉनपेक्षा बारीक चंद्रधुळीची सरासरी मर्यादा घनमीटरला ०.३ मिलिग्रॅम आहे. गुरुत्वाकर्षण तिथं आपल्या सहाव्या हिश्श्याएवढं, म्हणजे यानातल्या हवेत कण खाली बसायलाही वेळ लावतात.

खरी धूळ आपल्याला कोण देणार, सिम्युलंट म्हणजे तिच्यासारखी बनवलेली नकली धूळ वापरतात. नासासाठी ज्वालामुखीच्या राखेपासून जेएससी-१ए नावाचं सिम्युलंट बनवलं, इस्रोनं तमिळनाडूतल्या सीतमपुंडीच्या अनॉर्थोसाइट खडकापासून बनवून पेटंट घेतलं. (आपल्या बुलडाण्याचं लोणारही बेसाल्टमधलं उल्काविवर आहे आणि चंद्रावरचे काळे डागही बेसाल्टचेच, तेव्हा हा विषय आपला नाही असं कोणी समजू नका.)

आता टेस्ट. डक्टमधे फिल्टर, अलीकडून धूळ सोडायची, दोन्ही बाजूंना पार्टिकल काउंटर आणि दाबातला फरक मोजायला मॅनोमीटर. एवढंच, पण कस लागतो तो बारीकसारीक गोष्टींत. पावसाळ्यात सिम्युलंट ओल धरतं, गाठी होतात, गाठी कोणताही फिल्टर अडवतो आणि रिपोर्ट झकास दिसतो, पण तो खोटा असतो, म्हणून आधी ओव्हनमधे वाळवायचं आणि डेसिकेटरमधे (आतली हवा कोरडी ठेवणारं बंद भांडं) गार करायचं. सॅम्पलिंगची नळी साध्या प्लास्टिकची असली तर चार्जवाले बारीक कण नळीलाच चिकटून बसतात, पलीकडचा आकडा कमी येतो आणि वाटतं फिल्टरनंच अडवले. कंडक्टिव्ह नळी घ्या, होईल तेवढी आखूड ठेवा, अर्थिंग करा. आणि फिल्टर बसवायच्या आधी रिकाम्या डक्टमधे दोन्ही काउंटर चालवून बघा, आकडे जुळत नसतील तर पुढं जाऊच नका, साहेब कितीही घाई करोत.

नवीन पोरं हेपा (अतिबारीक कण अडवणारा फिल्टर) म्हटलं की ९९.९७ टक्के धडाधड सांगतात. तो आकडा ०.३ मायक्रॉनच्या कणाचा आहे, कारण मोठे कण धाग्यावर आदळतात, अतिबारीक भटकत भटकत धाग्याला लागतात आणि निसटतात ते याच्या आसपासचे. पण यानासाठी मला त्याहून मोठा प्रश्न वाटतो तो हा की फिल्टर किती धूळ पोटात घेऊन चोंदतो. प्रेशर ड्रॉप (फिल्टरच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक) चढला की पंखा जास्त वीज खातो, हवा कमी फिरते, आणि बदलायचा फिल्टर शेवटी पृथ्वीवरूनच न्यावा लागतो, तिथं एकेक किलोचा हिशोब असतो. म्हणून जाड कण आधीच काढायला पुढं प्री-फिल्टर नाहीतर सायक्लोन (हवा गरगर फिरवून जाड कण बाजूला काढणारं यंत्र). लोडिंग कर्व्ह (धूळ साठते तसा प्रेशर ड्रॉप कसा चढतो त्याचा ग्राफ) बघून फिल्टर कधी संपणार हे सांगता येणारा माणूस लॅबला हवा असतो, तेव्हा एफिशियन्सी पाठ करण्यापेक्षा हे शिका.

सुरुवातीला मोठ्या शहरात धावायची गरज नाही. चंद्रपूर-कोरपन्याकडं सिमेंट आहे, औष्णिक केंद्र आहे, कोळसा आहे, जिनिंग तर गावोगावी. अप्रेंटिस लागलात तर बॅगफिल्टरचा (कापडी पिशव्यांचा धूळ-फिल्टर) डीपी गेज, म्हणजे प्रेशर ड्रॉपचा आकडा, रोज वहीत लिहा, पल्स (पिशव्या झटकायला दाबाच्या हवेचा झटका) मारल्यावर तो किती उतरतो आणि महिन्याभरात खालचा आकडा कसा वर सरकतो ते मांडून ग्राफ काढा. इंटरव्ह्यूला ती वही न्या. एरोसोल (हवेत तरंगणाऱ्या कणांचा विषय) आणि फ्लुइड मेकॅनिक्स मनापासून करा, पायथनवर डेटा प्लॉट करता आला पाहिजे.

आणि सिम्युलंटचा डबा एक्झॉस्ट हूडखालीच उघडायचा, चेहऱ्यावर घट्ट बसणारा एन-९५ लावून. गमछा बांधून चालत नाही, एवढे बारीक कण त्यातून सरळ फुफ्फुसात जातात.