आपोआप चालणारी बोट घरी बनवायची असेल तर, आणि मुख्य म्हणजे टेस्ट कशी करायची

बेळगावकडच्या खानापूर भागात आमच्या शेततळ्यावर भाचा आणि मी दोन हिवाळे हेच करतोय. बोट बांधायला दोन रविवार पुरतात, टेस्टिंगला मात्र दोन महिने धरा.

आधी सांगाडा. 110 मिमीचा, म्हणजे आपण चार इंची म्हणतो तो पीव्हीसी पाइप, एकेक मीटरचे दोन तुकडे घ्या, टोकांना सोल्युशन लावून कॅप घट्ट बसवा आणि अर्ध्या मीटरचं अंतर ठेवून वरून ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांनी जोडा. पाइपाला स्क्रू मारू नका, क्लॅम्पनं आवळा, नाहीतर तिथूनच पाणी शिरतंय. मीटरभर पाइपात साडेनऊ लिटर जागा असते, म्हणजे दोन्ही पाइप अर्धे बुडेपर्यंत पाइपाच्या वजनासकट साडेनऊ किलो तरंगतंय. सगळं सामान त्यातच बसवायचं.

मागं प्रत्येक पाइपाला एक थ्रस्टर, म्हणजे पाण्यात फिरणारी पंख्याची मोटर. सुकाणू लागत नाही, एक पंखा जोरात एक हळू फिरवला की बोट वळते. स्पीड कंट्रोलर, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट, मात्र मागं-पुढं दोन्हीकडं फिरवणारे बघून घ्या.

मेंदू म्हणजे पिक्सहॉक नावाचा बोट चालवणारा बोर्ड, त्यात आर्डूपायलटचं रोव्हर सॉफ्टवेअर फुकट टाकता येतं. त्याच्या सेटिंगमध्ये फ्रेम क्लास 2 ठेवा, म्हणजे बोट. डाव्या मोटरच्या चॅनेलला फंक्शन 73, उजव्याला 74. टेलिमेट्री रेडिओ, म्हणजे बोटीची माहिती काठावर पाठवणारा, ऑनलाइन मागवताना 865 ते 867 मेगाहर्ट्झचाच बघा, आपल्याकडं तो पट्टा बिनलायसन्सचा आहे, 915 वाला अमेरिकेच्या हिशोबाचा असतोय.

आता कंपास, इथं घाई करू नका. मोटरच्या वायरीत करंट वाहिला की चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि कंपास भलतीच दिशा दाखवतो. आमची बोट सुरुवातीला सरळ जायच्या ऐवजी गोल गोलच फिरायची, मोटर बदलल्या, सेटिंग बदललं, शेवटी जीपीएस आणि कंपास फूटभर उंच प्लॅस्टिकच्या दांड्यावर चढवला आणि बॅटरीच्या दोन्ही वायरींना एकमेकींभोवती पीळ दिला तेव्हा कुठं सरळ धावली. कंपासचं कॅलिब्रेशन, म्हणजे दिशा जुळवून घेणं, मोकळ्या रानात करा, गाडी आणि ट्रॅक्टरपासून लांब.

पाण्यात सोडायच्या आधी सर्किट ठेवायच्या डब्यात, तो रिकामा असताना, कोरडा पेपर घालून झाकण लावा आणि वर दगड ठेवून अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवा. पेपर ओला निघाला तर वायरीच्या भोकांना परत एम-सील लावा आणि परत बुडवा, कोरडा निघेपर्यंत.

मग सकाळी लवकर, वारा पडलेला असताना, सांगाड्याच्या वरच्या बाजूला दोर बांधून बोट सोडा, दोर पंख्याकडं जाणार नाही असा एकानं धरायचा. आधी मॅन्युअल, म्हणजे रिमोटनं आपण चालवायची. मग लॉइटर, यात बोट एका जागी थांबायला बघते. हे दोन्ही नीट जमले तरच ऑटो, म्हणजे नकाशावर दिलेल्या पॉइंटवरून बोट आपली आपण जाते, तेही तीनच पॉइंट, काठापासून दहा मीटर आत. साधा जीपीएस दोन-तीन मीटर इकडंतिकडं दाखवतोच, म्हणून पॉइंटची त्रिज्या 3 मीटर ठेवा, म्हणजे तेवढ्या जवळ आली की पोचली असं बोट धरते.

आणि दोर सोडायच्या आधी बोट चालू असताना रिमोट मुद्दाम बंद करून बघा. फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटल्यावर काय करायचं ते सेटिंग, आरटीएलवर (परत ये) असला तर ती निघालेल्या जागी परत आली पाहिजे. आमच्या मते ही टेस्ट सगळ्यात मोठी, पाच वेळा करा, पाचही वेळा परत आली पाहिजे.

लिपो, म्हणजे लिथियम पॉलिमर, बॅटरी 5000 एमएएच असेल आणि बोट 8 अँपिअर खात असेल तर हिशोबानं सदतीस मिनिटं होतात, पण पंचवीस मिनिटांत काठावर आणा, लिपो पूर्ण उतरवली की खराब होते.

जागेचं म्हणाल तर राकसकोप धरणावर नको, ते बेळगावचं प्यायचं पाणी आहे. जलपर्णी असलेलं तळंही नको, मुळं पंख्यात गुंडाळली की मोटर जळते. बोट अडकली तर पोहत जाऊ नका, दोराला हूक बांधून ओढा. घरी आल्यावर मोटरी पुसून बेअरिंगवर तेलाचे दोन थेंब सोडा, नाहीतर पुढच्या रविवारी जाम झालेल्या असतात.