केस पेपरवरची पहिली ओळ

नाशिकच्या अंबड-सातपूरच्या कारखान्यांत पॉवर प्रेसवर (पत्रा दाबून कापणाऱ्या मशीनवर) बोट गेलं की रिक्षात बसवताना कंपनीकडून कानात सांगितलं जातं, "दवाखान्यात घरी पडलो म्हण, खर्च आम्ही बघतो." तसं अजिबात म्हणू नका. डॉक्टर पहिल्यांदा जे लिहितात, त्यावरच पुढचा भरपाईचा दावा उभा राहतो. "कामावर, प्रेस मशीनवर, दुपारी अडीच वाजता" असं लिहून घ्या आणि तिथेच मोबाईलवर फोटो काढा. शेजारच्या मशीनवर कोण होतं, तेही टिपून ठेवा.

मग पगाराची स्लिप बघा. ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा योजनेची वर्गणी) कापली जात असेल तर भरपाई त्याच योजनेतून मिळते: उपचार, कामावर जाता येत नाही तोवर सरासरी मजुरीच्या ९० टक्के, आणि कायमचं अपंगत्व राहिलं तर पुढेही रक्कम. कंपनीने ईएसआयसीकडे अपघाताचा अहवाल पाठवलाय का, हे मात्र स्वतः विचारा. कपात नसेल तर भरपाई मालकाने द्यायची. ठेकेदाराच्या माणसालाही ती मूळ कंपनीकडे मागता येते. दाव्याची मुदत अपघातापासून २ वर्षं.

वकील परवडत नाही म्हणून गप्प बसू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळतो. नाशिकच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. आणि हातात थोडी रोख ठेवून कोणी कोऱ्या कागदावर सही मागितली, तर करू नका. केली असेल तरी वकिलाला सांगा, हक्क सोडल्याचा असा कागद कायद्यापुढे टिकत नाही.