"मैत्रिणीचे ३२५ सीसी, मला ३५० द्या": ब्रेस्ट इम्प्लांट निवडताना या चुका टाळा

प्लास्टिक सर्जरीच्या ओपीडीत मी कौन्सेलर म्हणून बसते. चपलेचा नंबर सांगावा तसा इम्प्लांटचा आकडा सांगणाऱ्या बायका मला नवीन नाहीत. पण चपलेचा नंबरसुद्धा आपल्या पायावरून ठरतो, मैत्रिणीच्या नाही!

सीसी, म्हणजेच मिली, इम्प्लांटमध्ये माल किती एवढंच सांगतात. तेच ३०० सीसी पसरट इम्प्लांटमध्येही मावतात आणि अरुंद, उंच इम्प्लांटमध्येही. पहिलं छातीवर पसरतं, दुसरं पुढे येतं. याला प्रोफाइल म्हणतात. म्हणून सर्जन आधी स्तनाच्या तळाची रुंदी मोजतात. ती साडेअकरा सेंटीमीटर असेल, तर इम्प्लांट त्याच्या आतलं हवं. जास्त रुंद घेतलं तर ते काखेकडे सरकतं आणि हात खाली सोडला की टोचत राहतं. दोन्ही बाजू मधोमध एकमेकींना भिडल्या, तर ते दुरुस्त करणं आणखी अवघड. मोजपट्टी न लावताच कोणी आकडा सांगितला, तर मी तरी तिथून उठेन.

"मला सी कप हवा" या मागणीचंही तेच. कप प्रत्येक ब्रँडचा वेगळा असतो, त्याची हमी कोणताच सर्जन देऊ शकत नाही. त्यापेक्षा ओपीडीत साइझर, म्हणजे ब्रामध्ये ठेवून बघायचे नमुने, घालून बघा, आणि येताना साधा घट्ट टी-शर्ट आणा. सैल कुर्त्यात काही कळत नाही. घरी करायचं असेल तर मोजपात्राने ३०० मिली तांदूळ मोजा, नायलॉनच्या मोज्यात भरून गाठ मारा, ब्रामध्ये ठेवा आणि अर्धा दिवस वावरा. जिना चढा, केर काढा. तांदूळ सिलिकॉनपेक्षा हलके असतात, त्यामुळे खरं वजन याहून थोडं जास्त धरा: प्रत्येकी ४०० सीसीची जोडी साधारण ८०० ग्रॅम. शिवाय इम्प्लांट छातीच्या स्नायूखाली गेलं की तेवढंच माप बाहेरून जरा कमी दिसतं.

"मोठं घातलं की उचललं जाईल"

दोन बाळंतपणांनंतर आलेल्या बायका हे हमखास म्हणतात. स्तनाग्र स्तनाखालच्या घडीच्याही खाली उतरलं असेल, तर नुसतं इम्प्लांट ते वर आणत नाही. वजन वाढतं आणि ओघळणं चालूच राहतं. तिथे लिफ्ट, म्हणजे स्तन वर उचलण्याचं ऑपरेशन लागतं; त्यात जास्त टाके आणि जास्त व्रण. ऐकायला बरं वाटत नाही, पण ऑपरेशनआधी ऐकलेलं परवडतं.

बारीक अंगाच्या मुलींचं वेगळं. स्तनाच्या वरच्या भागात चिमटीत दोन सेंटीमीटरही जाडी येत नसेल, तर कडा आणि सुरकुत्या दिसू नयेत म्हणून सर्जन बहुधा स्नायूखालची जागा सुचवतात. जिममध्ये जाणाऱ्यांनी मात्र आधी विचारून घ्यावं, कारण छातीचा स्नायू आवळला की इम्प्लांटही हलतं.

पृष्ठभाग विचारायचा राहतो

आत सिलिकॉन जेल की सलाइन (मिठाचं पाणी), हे सगळ्या विचारतात. गुळगुळीत की खरखरीत, हे कोणीच विचारत नाही. जुलै २०१९मध्ये ॲलर्गन कंपनीने बायोसेल हे खरखरीत इम्प्लांट जगभरातून परत मागवलं. इम्प्लांटभोवती शरीर जे आवरण तयार करतं, त्यात होणाऱ्या बीआयए-एएलसीएल या दुर्मिळ लिम्फोमाशी (एक प्रकारच्या कॅन्सरशी) त्याचा संबंध दिसला होता. थेंबाच्या आकाराचं इम्प्लांट आत फिरू नये म्हणून ते सहसा खरखरीतच असतं. गोल फिरलं तरी काही बिघडत नाही. बायोसेल आधीच घातलेलं असेल आणि त्रास नसेल, तर ते घाईने काढण्याचा सल्ला अमेरिकेची औषध आणि उपकरणांवर देखरेख ठेवणारी संस्था एफडीए देत नाही. पण काही वर्षांनी एकच बाजू अचानक सुजली, तर थांबू नका.

"एकदा घातलं की जन्माची चिंता मिटली" हेही खोटं. सलाइनचं इम्प्लांट फुटलं की स्तन बसतो, लगेच कळतं. सिलिकॉनचं आतल्या आत फुटतं आणि कित्येकदा पत्ताच लागत नाही. म्हणून सिलिकॉनसाठी एफडीए पाच-सहा वर्षांनी पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय आणि नंतर दर दोन-तीन वर्षांनी तपासणी सुचवते. हा खर्च बजेटमध्ये आत्ताच धरा.

ऑपरेशननंतर पहिले काही आठवडे इम्प्लांट वर चढलेलं आणि कडक वाटतं. ते हळूहळू खाली बसतं, रोज आरशासमोर मोजत बसू नका. एक बाजू लाल, गरम होऊन ताप आला तर त्याच दिवशी फोन करा. काही महिन्यांनी एक बाजू घट्ट होत आकार बिघडला, तर भोवतीचं आवरण आवळत असू शकतं. त्यावर व्हिडिओ बघून मालिश करू नका, सर्जनला दाखवा.

आणि कार्ड! कंपनी, मॉडेल, सिरियल नंबर लिहिलेलं इम्प्लांट कार्ड डिस्चार्जच्या वेळी मागून घ्या. २०१०मध्ये फ्रान्सच्या पीआयपी कंपनीच्या इम्प्लांटमध्ये कारखान्यात वापरायचं सिलिकॉन सापडलं. अशा वेळी आपल्या अंगात नेमकं काय आहे, हे त्या कार्डावरूनच चटकन कळतं. मॅमोग्राफीला जातानाही ते बरोबर न्या आणि टेक्निशियनला आधीच सांगा, म्हणजे इम्प्लांट मागे सारून जास्तीच्या फिल्म काढता येतात.