बाकावरचं मूक भांडण: वैचारिक लेखनाचा एक तास

नववी-दहावीला वैचारिक निबंध दिला की वहीत ‘आजच्या धकाधकीच्या जीवनात’ उतरतं, कारण लिहिताना उलट विचारणारं समोर कुणी नसतं. खरं तर ते शेजारीच बसलेलं असतं. त्याला बोलू न देता लिहायला लावायचं.

35 मिनिटांची तासिका पुरते. दर जोडीला फुलस्केपचे दोन कागद द्या. एकच दिला तर एक लिहितो नि दुसरा खिडकीबाहेर बघतो. विषय मुलांना झोंबणारा हवा, उदाहरणार्थ ‘दहावीला पीटीचा तास बंद करावा’. ‘विज्ञान: शाप की वरदान’ नको, ते गाईडमध्ये तयार मिळतं.

बाजू तुम्हीच वाटा: बाकावर डावीकडचा बंद करण्याच्या बाजूने, उजवीकडचा विरुद्ध. मत विचारलंत तर अख्खा वर्ग पीटी वाचवायला धावतो. पहिली 5 मिनिटं यात जातात. पुढे 4-4 मिनिटांच्या 5 पाळ्या. पहिल्या पाळीत प्रत्येकाने एक मुद्दा आणि त्याचं कारण लिहायचं. मग कागद बदलायचे, समोरच्याचं एक वाक्य अधोरेखित करायचं आणि फक्त त्यालाच उत्तर द्यायचं. ही अट सैल सोडली की दोघंही आपापलं भाषण ठोकत सुटतात.

बाकावर तिघं असतील तर मधला पंच. कागद त्याच्या हातून जातो. कारणाशिवायच्या विधानापुढे तो समासात ‘का?’ लिहितो.

कागदावर साधारण असं घडतं:
‘खेळाने शरीर तंदुरुस्त राहतं.’
‘मग घरी खेळा की.’
‘चाळीत अंगण नाही, शाळा सुटली की क्लास. घरी खेळायचं कधी?’

पहिलं वाक्य सुविचार आहे, तिसरं युक्तिवाद. उरलेल्या 10 मिनिटांत असे दोन-तीन कागद मोठ्याने वाचा आणि फरक नेमका कुठे पडला ते वर्गालाच शोधू द्या.

पाचव्या पाळीला बाजू उलटवा. इथे कुरकुर होतेच, पण ही पाळी गाळू नका; दुसऱ्या दिवशीच्या 120 शब्दांच्या परिच्छेदाचा कच्चा माल तिथूनच येतो. त्या परिच्छेदाची सुरुवात विरोधकाच्या सर्वांत भक्कम वाक्याने करायची: ‘... हे खरं आहे, तरीही...’. मुलं इथे हटकून विरोधकाचं सर्वांत लेचंपेचं वाक्य उचलतात. म्हणून वाक्य निवडायचं काम जोडीदाराकडे द्या.

भांडणाच्या कागदांवर ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका लाल करू नका. नाहीतर पुढच्या वेळी मुलं फक्त लिहिता येणारे शब्द वापरतात. शुद्धलेखन परिच्छेदात तपासा.